कोळसदऱ्याचं निवळशंख पाणी

६ जानेवारी
लागले एकदाची नोकरीला! ग्रामसेविका, कोळसदरा, तालुका माहूर. उदगीरहून दोन एसट्या आणि शेवटी एक जीप, पण अक्षरा एकदाही कुरकुरली नाही. सहा वर्षांची पोर, नव्या दप्तरातच गुंग. ग्रामपंचायतीचा शिपाई पिराजी यानं खोली धुऊन ठेवली होती, वर ज्वारीच्या गरम भाकरीही आणून दिल्या. नवरा महिन्यातून एकदा येणार. दुकान सोडून पुरुष येत नसतात, हे सासूबाईंनी निघतानाच बजावलंय. नाही तर नाही, नेमणुकीची ऑर्डर माझ्या नावावर आहे.

९ जानेवारी
गावाचं पाणी पाहिलं आणि शिसारी आली. बंद पडलेल्या कोळसा खाणीतून बारमाही पाझर येतो आणि एकाखाली एक अशा तीन तळ्यांतून उतरतो. वरचं तळं तांबडंलाल. मधल्यावर बोटभर जाड शेवाळ, तळाशी काळा गाळ, सडक्या अंड्यांचा वास. तिसऱ्यातलं पाणी नळाला जातं. तपासणीच्या किटमध्ये ते चांगलं निघालं, पण स्वच्छ गाव स्पर्धेची समिती येणार आहे. त्यांना काय हा घाणेरडा हिरवा लगदा दाखवू?

तळ्याची राखण सरस्वतीबाई करतात. सत्तरीच्या. खाण बंद करताना कुण्या साहेबानं त्यांना हे काम सांगितलं होतं म्हणे. मला म्हणाल्या, "हिरवं अन् गाळ हाय तवर पानी गोड हाय, माय. त्येच तांबड्याला अडवून धरतंय. खरवडू नका." मी बी.एस्सी. आहे. शेवाळाकडून शिकायचं तेवढं राहिलं होतं!

१८ जानेवारी
वीस मजूर, दोन दिवस. शेवाळ खरवडलं, गाळ ट्रॅक्टरनं बाहेर, वर ब्लीचिंग पावडर. सरस्वतीबाई काठावर तळ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. आज तळातला दगडन् दगड दिसतो, पाणी कसं निवळशंख! गाव फोटो काढायला लोटलं. कुणी माझंही नाव घेतलं, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

२७ जानेवारी
पाणी किंचित आंबट लागतंय. किटचा रंग केशरी, म्हणजे पीएच चारच्याही खाली; चांगल्या पाण्याचा सात हवा. तिसऱ्या तळ्याच्या कडेला तांबडी साय धरलीय. समिती परवा येणार. वहीत सात लिहिलं. चार दिवसांत निवळेल.

२९ जानेवारी
तालुक्यात पहिले! अध्यक्षांनी नळाचं पाणी पिऊन दाखवलं. पेला अक्षरानं दिला, उरलेलं तीच प्यायली. टाळ्या वाजल्या. फोटोत मी हसतेय.

६ फेब्रुवारी
नळाच्या पंपाची मोटार गेली. पाती निम्मी खाल्लेली. बादल्यांच्या कड्या, दारांच्या बिजागऱ्या, खिळे, सगळ्यांवर तीच ओली तांबडी साय. सकाळी पुसावी तर दुपारी परत. लोहावर जगणारे आणि पाणी आंबवणारे जिवाणू. कॉलेजात पाच मार्कांना लिहिले होते. पाचपैकी पाच पडले होते.

टँकर मागितला. वरून फोन आला की बक्षीस जाहीर झालंय, आता नसते उद्योग नकोत. लोक तळ्यावरूनच घागरी भरतात. आम्हीही.

११ फेब्रुवारी
अक्षरा पांढरीफटक पडलीय. पापणी उलटून पाहिली, आत लाली नाहीच. आरोग्यसेविकेनं लोहाच्या गोळ्या दिल्या. लपवून ठेवलेलं अख्खं पाकीट पोरीनं शोधून संपवलं. उलटी झाली नाही. आणखी मागते.

पिराजी धावत आला, "मॅडम, शाळेतली पोरं गज चाटून राहिलीत." गेले. अख्खी पहिली खिडकीशी ओळीनं उभी. आवाज नाही. फक्त जिभा. पहिल्या गजाला माझी पोर.

१३ फेब्रुवारी
सरस्वतीबाईंच्या पाया पडले. सात लिहिल्याचं सांगितलं. शेवाळ परत लावता येईल का विचारलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोसलं असतं. म्हणाल्या, "येतंय की. दोन पावसाळे लागतेत." मग माझ्याकडं न बघता, "पोरायला हायेत का दोन पावसाळे?"

१४ फेब्रुवारी
तिच्या जिभेवर साय. तांबडी. फडक्यानं पुसली — परत आली. पुसायला गेले की मागे सरते. घशाकडे.
दुखत नाही म्हणते. भूक लागलीय म्हणते.

१५ फेब्रुवारी, दुपार
रुग्णवाहिका माहूरहून निघालीय म्हणे. दोन तास झाले. डॉक्टर फोनवर म्हणाले, इतकं रक्त कमी असतं तर पोर उभी राहिली नसती.
उभी आहे. दाराची कडी संपवली.

टपालानं प्रमाणपत्र आलं. शुद्ध पाणी, तालुक्यात प्रथम. खाली माझं नाव.

सगळं लोखंड बाहेर फेकलं. विळी, तवा, खाटेचे पाय. आता घरात काही नाही तिला —

माझ्याकडे बघतेय. मांडीवर येऊन बसली. किती हलकी झालीय. मनगट चाटतेय, जिथं नाडी लागते तिथं. हात मागे घ्यावा —

नाही घेत. वहीत सात मी लिहिलं. तिनं नाही. रक्तातलं लोह थोडं तरी परत जाऊ दे पोरीला.

दात लागले. आई ग — हळू, बाळा, हळू, अजून गाडी यायची आहे, तोवर मला जागं राहायला —