मोठ्याने सांगा, मामा

तीर्थरूप मामांना,

भाचीचा नमस्कार. साष्टांगच घालणार होते, पण हे पत्र मी कामाच्या टेबलाशी बसून जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे आणि खाली जमिनीवर वायरींचं जाळं आहे. एखादी पायात अडकून निघाली तर कुठला तरी एक्स-रे विभाग बंद पडायचा. (कामाच्या जागी खासगी पत्र लिहू नये हे मला ठाऊक आहे. पण सुट्टी माझी आहे, आणि कागद-पेन घरून आणलं आहे.) मामींचा गुडघा कसा आहे? तुमची रक्तदाबाची गोळी चुकत नाही ना? आणि तुमचा घसा कसा आहे? घशाची चौकशी मी विशेष करते आहे, कारण पुढे येईलच.

मला नोकरी लागली हे आईने तुम्हाला कळवलंच असेल. "कॉम्प्युटरमध्ये लागली" एवढंच. कुठे, ते मी तिला सांगू दिलं नाही. मामा, मी तुमच्याच संस्थेत लागले आहे. तुमच्या सगळ्या रुग्णालयांचा मिळून जो एक मदत कक्ष आहे, तळघरात, धुलाईघराच्या शेजारी, तिथे. डॉक्टरांचा किंवा नर्सचा कॉम्प्युटर अडला की आम्हाला फोन येतो. पोरगी मामाच्या वशिल्याने चिकटली असं कोणी म्हणू नये, म्हणून बोलले नाही. (नातेवाईक आहेत का, असं अर्जात विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी खरं लिहिलं असतं आणि मग भीतीने अर्जच मागे घेतला असता.)

तर गेल्या आठवड्यात तुम्ही ज्या मुलीची लेखी तक्रार केलीत, "मख्ख, हटवादी, आपण माणसाशी बोलतो आहोत की भिंतीशी हे न कळणारी" अशी, ती मुलगी मी.

(आधी पाणी प्या. मग पुढे वाचा.)

आमच्याकडे काम कसं चालतं ते सांगितल्याशिवाय माझी बाजू कळायची नाही. फोन उचलला की समोरच्या पडद्यावर वाक्यं येतात, ती ठरावीक गोड आवाजात वाचायची. "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत" हे राँग नंबर असला तरी म्हणायचं. या आवाजात मी परवा चुकून आईला फोन केला, तर "नको, आम्हाला काही घ्यायचं नाही" म्हणून तिने ठेवून दिला. म्हणजे तुम्ही मला ओळखलं नाहीत यात तुमचा दोष नाही. शिवाय फोन लवकर संपवला की शाबासकी मिळते. अडचण संपली का, हे कोणी विचारत नाही. माझ्या शेजारी जे बसतात त्यांना सगळे रीस्टार्टकाका म्हणतात. कोणताही रोग असो, काकांचं औषध एकच, बंद करून चालू करा. एका डॉक्टरांच्या प्रिंटरमधला कागद संपला होता, तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं. ते डॉक्टर आता कागद घालायच्या आधी इमानदारीने प्रिंटर बंद-चालू करतात.

त्या दिवशी सकाळी तुमचा फोन आला. पहिल्याच "हॅलो"ला मी तुम्हाला ओळखलं. नातेवाइकाचा फोन दुसऱ्याकडे द्यावा का, याबद्दल नियम नाही, आणि मोकळे होते ते फक्त रीस्टार्टकाका. म्हणून मीच बोलले. तुम्ही ऐन राउंडमध्ये होता, पासवर्डची मुदत संपली होती, लॅबचा फोन लागत नव्हता. "अहो बाई, इथे पेशंट ऑपरेशनला जायचाय आणि त्याचा रक्ताचा रिपोर्ट या डबड्यात अडकलाय!" असं तुम्ही म्हणालात. मी दिलगिरी वाचली. ओळख पटवायला तुम्ही कर्मचारी क्रमांक सांगितलात, जन्मतारीख सांगितलीत. (आईच्या म्हणण्याप्रमाणे तुम्ही एक वर्ष लपवता. इथे लपवलं नाहीत, याचं मला बरं वाटलं.) मग तिसरा प्रश्न आला. तो तुम्हीच कधी तरी निवडून ठेवला होता. लहानपणी घरात तुम्हाला काय म्हणत?

तुम्ही म्हणालात, "दुसरं काही विचारा." दुसरं नव्हतं. मग तुम्ही काहीतरी पुटपुटलात.

मामा, इथे माझी खरी परीक्षा होती. उत्तर माझ्यासमोर पडद्यावर होतं, आणि पडद्याची गरजही नव्हती, आजोळच्या मांजरालासुद्धा ते ठाऊक होतं. पण तुम्ही पुटपुटलात ते मला ऐकू आलं, की आधीपासून ठाऊक होतं म्हणून ऐकू आल्यासारखं वाटलं? शाळेत जायच्या आधी मला स्वयंपाकघरातल्या ओट्याशी बसवून पाढे शिकवलेत तुम्ही. सात आठे किती, म्हटल्यावर मी छप्पन्न म्हणाले आणि तुम्ही भोपळा दिलात. "बरोबर आलं. पण येत होतं, की जमून गेलं?" मी रडले, तरी भोपळा खोडला नाहीत. ते शिक्षण माझ्या हाडात मुरलं आहे. म्हणून मी गोड आवाजात म्हणाले, "माफ करा, ऐकू आलं नाही. कृपया मोठ्याने सांगा."

आणि तुम्ही ओरडलात, "रडूबाई!"

ते रीस्टार्टकाकांनाही ऐकू आलं, आणि त्यांनी कानात बोळे घातले होते.

तुमची तक्रार आली तेव्हा साहेबांनी मला वॉर्डात पाठवलं, "जा, बघून ये, तिथे माणसं कशी काम करतात ते." तिथे मला पहिल्यांदा कळलं की फोन दाराशी भिंतीवर आहे आणि कॉम्प्युटर खिडकीशी. आम्ही म्हणतो "आता डावीकडचं बटण दाबा," ते दाराशी एकजण ऐकतो, मधला ओरडतो, खिडकीशी तिसरा उजवीकडचं दाबतो. वर सगळ्यांचे हात हातमोज्यांत. सिस्टर मला म्हणाल्या, "तुमच्या गोड आवाजाला आम्ही काय नाव ठेवलंय ते विचारू नकोस." मी विचारलं नाही.

त्याच सिस्टरांनी पुढचं सांगितलं, जे तुम्ही तक्रारीत लिहिलं नाहीत. तुम्ही ओरडलात ते सगळ्या वॉर्डाने ऐकलं. शिकाऊ डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचे खांदे हलत होते. ऑपरेशनला जायचे होते ते आजोबा भरती झाल्यापासून भीतीने तोंडातून अक्षर काढत नव्हते. ते म्हणाले, "डॉक्टर, कशाला रडायचात हो?" आणि तुम्ही त्यांच्या पलंगावर बसून सांगितलंत, "इंजेक्शनला." आजोबा हसत हसत आत गेले म्हणे. आता चांगले जेवतात.

मदत कक्ष सुधारायला जी समिती नेमली आहे, तिचे अध्यक्ष तुम्ही आहात (सर्वांत जास्त तक्रारी तुमच्या, म्हणून), आणि सोमवारी तिच्यासमोर मला खुलासा द्यायचा आहे. त्यावर मला कायम करायचं की नारळ द्यायचा, ते ठरणार. मी काय म्हणणार ते आधी सांगत नाही, तो पेपर फोडल्यासारखं होईल. फोन खिडकीशी न्यावा, गुपितं बोलायला न लावता टाइप करू द्यावीत, आणि काम झालं हे डॉक्टरने म्हटल्यावरच फोन संपला असं धरावं, एवढंच म्हणणार आहे. (फोडलाच.) मला बघून दचकू नका, म्हणून हे पत्र. नातं मी सोमवारी सगळ्यांसमोर स्वतःच सांगणार आहे.

मामींना नमस्कार. आईला यातलं काही कळवू नका, ती हसत सुटेल आणि मग सगळ्या घराला कळेल.

तुमची,
मख्ख भाची

ता. क. माझ्याकडे बघून तक्रार मागे घेऊ नका. मला भोपळा मिळायचा असेल तर मिळू दे.

आणखी ता. क. मागे घ्यायचं तुमच्या मनात मुळातच असेल, तर हे पत्र उघडण्याआधी घ्या. (हे शेवटी लिहिलं आहे याची मला कल्पना आहे.)

अगदी शेवटचं. आम्ही फोनवर देतो तो पासवर्ड तात्पुरता असतो. तुमचा येत्या बुधवारी संपतो, पुन्हा ऐन राउंडमध्ये. हे आधी कळवायची आम्हाला परवानगी नाही, म्हणून कर्मचारी म्हणून नाही, भाची म्हणून सांगते. मंगळवारी घरी, दार लावून, शांतपणे बदला. नाहीतर बुधवारी सकाळी फोनवर मीच आहे, आणि प्रश्न अजून तोच आहे.