‘कुठं’ विचारणारी बाई

झरी, ता. परभणी
मार्च १९९४

तीर्थस्वरूप दिनकरदादांच्या पायांवर धाकट्या भुजंगाचं डोकं. (डोकं पायांवर आहे तोवरच पुढचं ऐकून घ्यावं, ही विनंती.)

इकडे सगळे खुशाल. तुमचा खोकला उतरला का? वहिनींचे गुडघे कसे आहेत? ऊस कारखान्याला गेला असेल, किंवा गेला नसला तर त्या रागात हे पत्र आत्ताच वाचू नये, जेवण झाल्यावर वाचावं.

मी जपानहून येऊन आठ दिवस झाले. मग गंगाखेडला तोंड दाखवायला का आला नाहीस, असं तुम्ही म्हणणार. दादा, तुमचा आवाज मोठा आहे. तुम्ही वावरात ओरडलात की शेजारच्याचे बैल जागीच थांबायचे, हे मी लहानपणापासून बघत आलोय. म्हणून समक्ष न येता लिहून कळवतो. चष्मा लावून, मान वर न करता, शेवटपर्यंत वाचावं. मधेच मान वर केलीत तर राग अर्धवट येईल, आणि अर्धवट राग प्रकृतीला वाईट.

मला कशासाठी धाडलं होतं ते मी विसरलेलो नाही. तुमचा बन्सीधर तिकडे नागोया शहरात इंजिनिअर झाला आणि तिथल्याच साचिको नावाच्या पोरीशी लग्न करतो म्हणून अडून बसला. पोरीच्या आईबापाला भेटायचं, गोडीत नाही म्हणायचं आणि पोराला मागं फिरवून आणायचं, एवढंच माझं काम. ते मी नक्की केलं असतं. जे काही फिसकटलं त्यात माझा दोष नाही, सगळा दोष गाडीतल्या बाईचा आहे.

ही बाई कोण ते सांगतो. पोरीचं माहेर डोंगरात, शहरापासून लांब. निघताना बन्सीनं माझ्या हातावर दही ठेवलं (तिकडे दही मिळतं, पण त्यात दही कमी आणि साखरेचे लाड जास्त). उजवा पाय आधी टाकून मी गाडीत बसलो. साचिको मागच्या बाकावर बसली. तिच्याशी मी अवाक्षर बोललो नाही, कारण ज्याला नाही म्हणायचंय त्याच्याशी ओळख वाढवू नये असं माझं मत. बन्सीनं चावी फिरवली, तर समोर वीतभर टीव्ही लागला आणि त्यातून एक बाई फार मायेनं काहीतरी बोलली.

मी विचारलं, “काय म्हणायलीय रं ती?”

“काका, ह्या यंत्राला समदे रस्ते ठाऊक हायत. आपण कुठं हाव ते त्याला आभाळातून कळतंय. ती इचारायलीय, कुठं जायचं?”

मी दार उघडून खाली उतरलो.

दादा, तुम्हीच सांगा. माणूस कामाला निघालाय, हातावरचं दही अजून जिभेवर आहे, आणि कुणी ‘कुठं’ विचारावं? आपल्या आजीनं एवढ्यासाठी शेजारणीशी बोलणं टाकलं होतं. आता तुम्ही म्हणाल, भुजंगा, कंडक्टर म्हणून तू जन्मभर अख्ख्या जिल्ह्याला ‘कुठं जायचं’ विचारून तिकिटं फाडलीस. फाडली. म्हणून तर या प्रश्नाची ताकद मला ठाऊक. सकाळी पालमला सोयरिकीला निघालेले किती पाहुणे संध्याकाळी त्याच गाडीत तोंडं पाडून परत भेटले, ते मी बघितलंय. (त्यांना मी काही बोलायचो नाही. खिडकीची जागा द्यायचो.)

आपल्या रीतीनं मी घरात गेलो, टेकलो, घोटभर पाणी प्यालो आणि पुन्हा निघालो. चावी फिरली. बाईनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा उतरलो. असं होता होता माझं पोट पाण्यानं टम्म झालं, शेजारचे जपानी लोक खिडकीत आले, आणि मला जिना चढता येईना. बन्सी काकुळतीला येऊन म्हणाला, “काका, इचारणं हेच तिचं काम हाय.” मी म्हणालो, “मग तिला गप बसीव.” त्यानं बटण दाबलं. आवाज बंद झाला, पण काचेवर तोच प्रश्न अक्षरांत उमटला. लिहिलेलं ‘कुठं’ लागतं की नाही, याबद्दल आजीनं काहीच सांगून ठेवलेलं नाही (बिचारीला अक्षर येत नव्हतं), त्यामुळे आवाज परत चालू करायला लावला. निदान माहितीतलं संकट बरं.

शेवटी मला आपले आबा आठवले. कोर्टाच्या तारखेला निघाले आणि कुणी ‘कुठं’ म्हटलं, की आबा बिनधास्त ‘वावरात’ म्हणायचे. अपशकुन वावरात जायचा, आबा परभणीला. मी बन्सीला म्हणालो, हिलाही खोटं सांग. त्यानं समुद्रकाठच्या मासळीबाजाराचं नाव घातलं. बाई खूष झाली. आम्ही डोंगराकडे निघालो.

आता खरी गंमत ऐका. ती म्हणायची उजवीकडे, आम्ही डावीकडे. ती म्हणायची सरळ, आम्ही वळायचो. आपल्याकडची असती तर तिसऱ्या वळणाला आपल्या खानदानाचा उद्धार केला असता. ही रागावली नाही. दर वेळी क्षणभर थांबायची आणि तितक्याच मायेनं काहीतरी म्हणायची. मी विचारलं, तर बन्सी म्हणाला, “जमंल तिथून मागं फिरा, म्हणायलीय.”

मागं फिरा. दादा, मी चपापलो. हेच तर सांगायला तुम्ही मला समुद्रापार धाडलं होतं. बन्सीला म्हणायची वाक्यं मी विमानात बसून घोकली होती, आणि इथं ही बाई ती मैलोगणती माझ्यासाठी फुकट म्हणत होती. मी पोराकडे बघत राहिलो. तो रागावत नव्हता, उलट बोलत नव्हता. तिचं ऐकून घ्यायचा, मान हलवायचा आणि पुढं जायचा. ते बघून मला फार वाईट वाटलं. त्याचं नव्हे, बाईचं. पोरगं कुठं चाललंय हेच तिला कुणी खरं सांगितलं नव्हतं, मग ती दुसरं काय म्हणणार?

पुढं बर्फ लागला आणि आम्ही रस्ता चुकलो. बाईच्या डोक्यात मासळीबाजार, बन्सीचा एरवी सगळा भरवसा बाईवर, आणि विचारावं तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. एका दरीच्या तोंडाशी गाडी उभी राहिली. बन्सीच्या कपाळाला त्या थंडीत घाम आला. तेवढ्यात मागून एक हात पुढं आला. त्या हातानं गळ्यातली शाल बाईच्या टीव्हीवर पांघरली आणि समोर बोट केलं.

“काका, हिकडं.”

साचिको बोलली होती. अगदी आपल्या झरीतल्यासारखं ‘हिकडं’. तिच्या स्वतःच्या माहेरचा रस्ता, दादा. तिला लहानपणापासून पाठ होता. आम्ही दोघा शहाण्यांनी टीव्हीला विचारलं, आभाळाला विचारलं, तिला कुणी विचारलंच नाही. आणि वडीलधारा बोलत नाही तोवर आपण बोलू नये, म्हणून ती गप्प बसली होती. मग पूर्ण घाट ती ‘हिकडं’, ‘तिकडं’, ‘हळू’ म्हणत राहिली. एवढेच शब्द तिला येतात, पण संसाराला आणखी किती लागतात? (तुमच्या आणि वहिनींच्या संसारात तर ‘हळू’सुद्धा नाही.)

तिचे आईबाप दारात उभे होते. ते वाकले, मी वाकलो. मी वाकलो म्हणून ते आणखी वाकले. अखेर माझी कंबर धरली म्हणून तो प्रकार थांबला. आत बसलो. नाही म्हणायची वेळ आली. माझं बोलणं त्यांना सांगणार बन्सीच, म्हणजे स्वतःचं लग्न स्वतःच्या तोंडानं त्याला मोडायचं होतं. त्याचा चेहरा बघून माझ्या तोंडून निघालं, “पोरगी वाट दावती. घरात असं माणूस असावं.” बन्सीनं त्यांना काय सांगितलं देव जाणे, पण पोरीच्या बापानं डोळे पुसले आणि मला मोठा मुळा भेट दिला.

तर काम झालं नाही. तिथल्या कचेरीत सह्या झाल्या. अक्षता मात्र तुमच्याशिवाय पडणार नाहीत, असं दोघंही म्हणतात.

तुमचा आज्ञाधारक (या खेपेपुरता नाही),
भुजंग

ता. क. मुळा आमच्या मंडळीनं, कमलबाईनं, आल्या आल्या चिरला. तुमच्यासाठी राखता आला नाही.

ता. क. हे पाकीट पोस्टात टाकायला निघालो, तर कमलबाईनं विचारलं, कुठं चाललात? परत फिरून पाणी प्यालो. पुन्हा निघालो, तर पारावरून सटवाजी ओरडला, कुठं? तेव्हा पाकीट परत फोडून हे लिहितो. पत्र पोस्टानं येणार नाही. ज्याला कुणी ‘कुठं’ विचारलं तरी समजणार नाही, अशा माणसाच्या हाती देतोय.

ता. क. आता मान वर करा. हे पत्र तुमच्या हातात देऊन जी पोरगी डोक्यावर पदर घेऊन उंबऱ्याबाहेर उभी आहे, ती कुणा शेजाऱ्याची सून नाही, तुमची आहे. कमलबाईनं लुगडं नेसवलंय. ‘या’ म्हटल्याशिवाय आत यायचं नाही अशी तिच्याकडची रीत, आणि पत्र तर फारच लांबलं. वहिनींना भाकरतुकडा घेऊन बोलवा. उत्तर लिहायची तसदी घेऊ नका. मी आणि बन्सी समोरच्या हॉटेलात, कपाटामागं बसलो आहोत. तुमचा आवाज इथं ऐकू येतो.