पेडलखालचा बोल्ट

कोस्केनपेरा,
रविवार, १८ सप्टेंबर १९९४

प्रिय ओस्मो,

तुझं कार्ड मंगळवारी आलं. टाचेची जखम भरली, जेवण बरं मिळतंय आणि सार्जंट आता तुला नावानं ओळखतो, हे वाचून आईला हायसं वाटलं. (नावानं ओळखतो ही चांगली गोष्ट आहे की वाईट, हे मात्र तिला कळलं नाही. मलाही नाही.) इकडे सगळे खुशाल आहेत. आईचा गुडघा तसाच आहे. ती कुरकुरत नाही, फक्त जिना उतरताना मध्येच थांबते आणि खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं चाललंय असं दाखवते. बटाटे निम्मे काढून झाले. लिंगनबेरी यंदा इतकी आलीय की बादल्या संपल्यावर आईनं सौनातली आंघोळीची घमेली उचलली, त्यामुळे काल बाबांनी अंगावर पाणी कॉफीच्या किटलीनं घेतलं.

शर्यत काल झाली. तू खालच्या ओळींवर नजर टाकू नकोस, ओळीनं वाच. मी ओळीनंच लिहिणार आहे, नाहीतर माझ्याकडून काहीतरी सुटेल आणि आठवडाभर तेच मला कुरतडत राहील.

सैन्यात जायला निघताना बसथांब्यावर तू एकच गोष्ट बजावली होतीस. "डॅटसन घरी राहिली पाहिजे. नाताळच्या रजेत बर्फावर मी चालवणार." मग ऑगस्टच्या पत्रात ते ॲक्सिलरेटरच्या पेडलखालच्या बोल्टचं लिहिलंस: जाड बोल्ट बसव म्हणजे पेडल पूर्ण दबणार नाही, पाचवी-सहावी ये, कुणाची नजर पडणार नाही. ते पत्र माझ्याकडे आहे. तुझ्या सगळ्या सूचना मी शब्दशः पाळल्या. दुपारच्या जेवणापर्यंत तरी.

लेम्पी आत्या हेलसिंकीहून आलीय, बटाट्यांसाठी. म्हणजे न्यायला, काढायला नाही. ती पांढरे बूट घालून ट्रॅकवर आली. तिनं आपली डॅटसन आतून पाहिली आणि मागची सीट कुठे गेली, पुढच्या काचेच्या जागी जाळी का, आणि चालकाच्या पाठीशी बॅटरी का बांधलीय, असं सगळं विचारलं. मी नीट उत्तरं दिली. मग तिला नियम समजावला: गाड्या सगळ्या जुन्या, घरी बांधलेल्या. किंमत सगळ्यांची एकच, नियमांत छापलेली. अंतिम फेरी संपली की अर्ध्या तासात कुठलाही चालक कुठल्याही गाडीसाठी तेवढ्या पैशांचं पाकीट टाकू शकतो, आणि मालकाला नाही म्हणता येत नाही. म्हटलं तर परवाना जातो. म्हणून कुणी गाडीत सोनं ओतत नाही, आणि आपल्यासारख्यांनाही शर्यत करता येते.

"म्हणजे जिंकलं की गाडी जाते?" आत्या म्हणाली.

"बहुतेक वेळा."

"मग जिंकता कशाला?"

मी बाबांकडे पाहिलं. ते सॉसेज खात होते. "लेम्पी, मोहरी दे इकडे," ते म्हणाले.

हा प्रश्न मला दिवसभर सोडेना. आत्या विसरूनही गेली असेल.

प्राथमिक फेऱ्या बोल्ट लावून केल्या. पहिलीत तिसरी आले, दुसरीत चौथी. पहिल्या फेरीत माझं चुकलं: चिंचोळ्या वळणावर लवकर वळले आणि उजवी बाजू मातीच्या बांधावर आपटली. आवाज असा झाला की आईनं डोळे मिटले म्हणे. पण तू आत बांधलेल्या लोखंडी पिंजऱ्याला चीरसुद्धा गेली नाही. तपासनीसानं सगळ्या जोडांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "ज्यानं हे वेल्डिंग केलंय त्याच्या हातच्या पुलावरूनही मी चालत जाईन." हे मी मुद्दाम जसंच्या तसं लिहिलंय.

दोन्ही फेऱ्यांचे गुण मिळून मी अंतिम सहांत पोचले. जेवणाच्या सुट्टीत हेइमो लौहिला आला, तोही अंतिम सहांत होता. तुझा हेइमो. त्याला तू कितीही नावं ठेव, तो बदललेला नाही. गाडीच्या टपावर कोपर टेकून, चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काय साइमी, पेडलखाली कितीचा?"

"कसला कितीचा?"

"ओस्मो चौदाचा बोल्ट लावायचा. तू तर मोजूनच लावला असशील."

मी खरंच मोजून लावला होता. माझे कान लाल झाले, ते हेल्मेटमुळेच झाले असं दाखवायला हेल्मेटही डोक्यावर नव्हतं.

"बाकी गाडी बरी चालतेय हं," तो म्हणाला. "पूर्वीसारखा धूर नाही काढत. ओस्मोच्या मागे एक फेरी मारली की बायको मला दारातूनच सौनात पाठवायची."

सगळे हसले. मला राग आला, तुझ्यासाठी. आणि अगदी थोडं, राईएवढं, बरंही वाटलं. त्या धुराबद्दल मला तुला काही सांगायचं आहे, पण ते पुढे.

अंतिम फेरीचा क्रमांक घ्यायला मी नोंदणीवर बसलेल्या पिर्कोच्या टेबलाशी गेले. तिच्यासमोर सगळ्यांचे फॉर्म होते आणि वरचा नेमका माझा. "ही गाडी ठरलेल्या किमतीला विक्रीस आहे." खाली माझी सही, सावकाश केलेली, प्रत्येक अक्षर वाचता येणारी. विक्रीस आहे म्हणून मी लिहून दिलंय, आणि कुणी विकत मागू नये म्हणून तिच्या पेडलखाली लोखंड घातलंय. मला ते सहन होईना. तू म्हणशील, सगळेच घालतात. बाबाही तेच म्हणाले.

"बाबा, मी सही केलीय."

"सगळेच करतात."

"पण तो बोल्ट."

"तोही सगळेच लावतात. शेवटच्या वळणावर जरा रुंद जा, पाचवी ये, गाडी ट्रेलरवर चढवू आणि घरी जाऊ."

मी हलले नाही. मला रडू येईल असं वाटत होतं आणि त्यासाठी ती जागा फार वाईट होती, सगळीकडे लौहिला मंडळी. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग ओव्हरऑलच्या खिशात हात घातला आणि पाना काढून माझ्या हातात दिला. बरोबर त्याच मापाचा. ओस्मो, तो पाना सकाळपासून त्यांच्या खिशात होता.

बोल्ट काढला.

आता शर्यत. तुला कसं सांगू! मी तिसऱ्या रांगेतून सुटले, दुसऱ्या वळणापर्यंत चौथी, आणि मग सरळ रस्त्यावर पेडल दाबलं तर ते जातच राहिलं, खाली, अजून खाली, आणि आपली डॅटसन अशी पळाली जणू तिला इतके दिवस कुणी दावणीला बांधून ठेवलं होतं. इंजिन वरपर्यंत एकसुरात चढत गेलं, कुठे अडखळणं नाही, खोकणं नाही. मी ओरडत होते. काय ओरडत होते ते आठवत नाही. आत्या म्हणते ते ती उभी होती तिथपर्यंत ऐकू आलं आणि ते सभ्य नव्हतं. मागची चाकं खडीवर अशी अलगद सरकत होती की वळणाच्या आधीच मला ठाऊक असायचं, गाडी कुठे थांबेल. मी, जी दाराची कडी दोनदा तपासते, ती मी एकदाही घाबरले नाही.

शेवटच्या फेरीत पुढे फक्त हेइमो. शेवटच्या वळणावर बाबांनी रुंद जायला सांगितलं होतं. हेइमोच रुंद गेला. मी आतून गेले. बॉनेटच्या लांबीनं पहिली आले.

पाकिटं सात पडली. सात! पिर्कोनं दोनदा मोजली. एक चक्क हेइमोचं होतं, तो म्हणाला, "तुझ्या मागे जळण्यापेक्षा आत बसून जळेन." पिर्कोनं कॉफीच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या, हलवल्या, एक काढली. आर्मास तुओमेला. दुधाचा टँकर चालवतो तो, साठीचा, बारा वर्षं शर्यतीत आहे आणि एकदाही अंतिम फेरीत आलेला नाही.

गाडी गेली, ओस्मो. लिहिलं एकदाचं. आता मला जरा उठून कॉफी ठेवायची आहे.

कॉफी झाली. आईनं वेलचीचा पाव भाजलाय. तुझ्यासाठी दोन वेगळे बांधून ठेवलेत, ते या पत्राबरोबर येतील. लाच म्हणून नाही. बरं, थोडी लाच म्हणून.

आता धुराचं.

तू जुलैत गेलास आणि दोन आठवड्यांनी मी कार्ब्युरेटर उघडला. फक्त साफ करायला. आत पाहिलं तर पेट्रोल सोडणाऱ्या मुख्य जेटचं भोक तू ड्रिलनं मोठं केलेलं. जास्त पेट्रोल म्हणजे जास्त जोर, असं तुला वाटलं असणार. हेइमोच्या टोळीतही सगळे तेच करतात. पण ते पेट्रोल जळत नव्हतं, ओस्मो. स्पार्क प्लग काजळीनं काळेकुट्ट झाले होते. मी नवा जेट घातला, योग्य मापाचा. मग इग्निशन पुन्हा जुळवलं. मग वाटलं, आता आलोच आहोत तर व्हॉल्व्हच्या फटीही पाहाव्यात, आणि आठांपैकी पाच चुकीच्या निघाल्या. तीन आठवडे मी रोज संध्याकाळी दूध काढून झालं की कोठारात जात होते. एक गोष्ट बदलायची, कच्च्या रस्त्यावर चक्कर मारायची, प्लग काढून त्याचा रंग पाहायचा, वहीत लिहायचं. शेवटी प्लग कॉफीत दूध घातल्यासारख्या रंगाचे झाले. मी तिथेच तेलाच्या डब्यावर बसून हसत सुटले.

आणि तुला मी प्रत्येक पत्रात काय लिहिलं? "गाडी ठीक आहे." ते खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं. तू बराकीतल्या मित्रांना सांगतोस ना, त्या इंजिनाबद्दल, "मी बांधलेलं." तुझ्या पत्रात ते वाचलं की मी पान उलटायचे.

बाबांना माहीत होतं. त्यांनीच तर आपल्याला शिकवलं, तुला वेल्डिंग आणि मला फटी मोजायला. शाळेत अक्षरं गिरवायच्या आधी मी त्यांच्या गेजच्या पात्यांवरचे आकडे वाचत होते. पण त्या तीन आठवड्यांत ते एकदाही कोठारात डोकावले नाहीत. फक्त दिव्यात नवा बल्ब लावून ठेवला.

तर काल आर्मास आला किल्ली घ्यायला. मी त्याला सगळं सांगितलं, कारण गाडी द्यायची तर अर्धी देता येत नाही: थंड असताना चोक किती ओढायचा, टायरमध्ये हवा किती, ओल्या खडीवर किती, प्लगचा रंग कसा पाहायचा. वहीतली पानंही उतरवून देईन म्हटलं. वीस मिनिटं झाली तशी तो म्हणाला, "पोरी, मी गाडी घेतली की तुला?"

मग बॉनेट उघडून त्यानं आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं, जसं लोक लहान बाळाकडे पाहतात. "हे इंजिन कुणी केलं?"

"माझ्या भावानं," मी म्हणाले.

ते तोंडातून आपोआप गेलं. मला दुसरं काही म्हणायची सवयच नव्हती. बाबा बाजूला ट्रेलरचा पट्टा गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "साइमी, खोटं बोलू नकोस."

बाबांनी हे वाक्य मला आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. तुला माहीत आहे, मला कधी ऐकावं लागलं नव्हतं.

"मी केलं," मी म्हणाले. "पिंजरा आणि सांगाडा भावाचा. इंजिन माझं."

आर्मासनं टोपी काढली. खरंच काढली, आणि माझ्याशी हात मिळवला, तेलकट हात, आणि बराच वेळ सोडला नाही.

घरी येताना ट्रेलर रिकामा होता. रिकामा ट्रेलर खडखड वाजतो, लांबून ऐकू येतो, आणि आपल्याकडे शर्यतीच्या संध्याकाळी त्या आवाजाचा अर्थ सगळ्यांना कळतो. बाबा नेहमीच्या रस्त्यानं वळलेच नाहीत. भर गावातून गेले, चर्चपुढून, सहकारी दुकानापुढून, पेट्रोल पंपापुढून, मग लौहिलांच्या अंगणापुढून, अगदी हळू. लोक खिडक्यांत आले. पंपावरच्या म्हाताऱ्यानं हात वर केला. बाबा शीळ घालत होते. आत्यानं विचारलं, "आपण रस्ता चुकलो का?" आई म्हणाली, "नाही गं. आज हाच रस्ता."

मला माहीत आहे, तुला त्या गाडीत बर्फावर जायचं होतं. ते मी तुझ्याकडून घेतलं, आणि न विचारता. त्याबद्दल मनापासून माफी मागते. बोल्ट काढल्याबद्दल आणि जिंकल्याबद्दल मागत नाही. मागायचा प्रयत्न केला, दोन वाक्यं लिहिली आणि खोडली. रागावलास तर पानभर रागाव, शिव्या दे, पण गप्प बसू नकोस. तुझं गप्प बसणं मला वाचता येत नाही.

बाबांनी आज सकाळी एक चार दारांची जुनी गाडी पाहून ठेवलीय, कोंबड्यांच्या खुराड्यामागे पडून होती, आत दोन अंडी सापडली. जानेवारीच्या बर्फावरच्या शर्यतीला ती उभी करता येईल. पहिल्यांदा तू चालव. पिंजरा तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाकडून मी वेल्ड करून घेणार नाही, म्हणून नाताळची रजा मागून ठेव.

इंजिनाला मात्र तू हात लावायचा नाहीस. या वाक्यात आधी "कृपया" होतं. ते मी खोडलंय, दिसत असेल.

तुझी बहीण, आणि ते इंजिन करणारी,

साइमी