अंगणातला बारासिंगा

४ डिसेंबर, सकाळ
प्रेमलता बहिणीच्या मोतीबिंदूसाठी गोंदियाला गेली. जाताना म्हणाली, रिटायर झाल्यापासून तुमी एक काम पुरं केलं नाई. बरं. ती यायच्या आत अंगणात जुन्या भांड्यांचा बारासिंगा उभा करणार. लग्नानंतर पहिल्यांदा बायकोच्या तोंडून ‘वा’ ऐकायचंय, बस्स. यूट्यूबवर व्हिडिओ पाहिले. सोपं आहे.

५ डिसेंबर
माळ्यावरून तिच्या माहेरची स्टीलची भांडी काढली. परात, कळशी, डबे, झारे. वर्षानुवर्षं पोत्यात पडून, म्हणजे भंगारच. कळशीत तर तयार पोटच आहे. प्रेमलताला विचारावं का? नको. सरप्राइज विचारून देत नसतात.

७ डिसेंबर, दुपार
वेल्डर बाबूलाल आला. आयुष्यभर गेट आणि ग्रिल. माझं स्केच उलटसुलट पाहून म्हणे, साहेब, याले कुंडी कुठं लावू? कुंडी म्हणजे दाराची कडी. त्याला अर्धा तास कला समजावली. हौ हौ म्हणाला. जाताना पुन्हा कुंडीचं विचारलं.

१० डिसेंबर
वेल्डिंग करताना पातळ पत्र्याला भोकं पडतात. प्रत्येक भोकावर एक चमचा. याला टेक्स्चर म्हणतात. घरातले चमचे संपले. पोहे हाताने खाल्ले.

१३ डिसेंबर
शेजारचे देवेंद्र म्हणाले, बकरी मस्त जमली. मी शिंगं दाखवली. म्हणे, मंग कपडे वाळवाले बरं हाय. कान्हाच्या जंगलाच्या इतक्या जवळ राहून बारासिंगा ओळखता येऊ नये! यापुढे त्यांना चहा नाही.

१६ डिसेंबर
प्रॉब्लेम. जनावराच्या अंगभर नावं. लग्नात भांडी देणाऱ्यांची, मशीनने टिंबाटिंबांनी टाकलेली. मागच्या पायावर मामा. पोटावर ‘सौ. शेवंताबाईकडून चि. प्रेमलतेस’, म्हणजे माझ्या सासूबाई. शिल्पावर सही एकाचीच असते. बाबूलाल म्हणे, बाईसाहेबले विचारलं का? म्हटलं, तू ग्राइंडर चालव. सगळं चकाचक झालं. कपाळावर माझं नाव टाकून घेतलं, रस्त्यावरून दिसेल एवढं.

१८ डिसेंबर
बारासिंगा उभा राहत नाही, पुढच्या पायांवर बसतो. खाली विटा लावल्या. प्रेमलताचा फोन. उद्या येऊन राह्यली. माळ्यावरचं पोतं काढून ठेवा म्हणे, आईची कळशी अपूर्वाले नव्या घरात द्याची हाय. लेकीच्या वास्तुशांतीचं मी विसरलोच होतो. हौ म्हणालो. पण शिल्प पाहिलं की कळशीचं काय एवढं!

१९ डिसेंबर, संध्याकाळ
आली. ओरडली नाही. मी पाठ केलेली उत्तरं वाया गेली.

बारासिंग्याच्या पोटावर बराच वेळ हात फिरवत होती. मला वाटलं, फिनिशिंग बघते आहे. मग विचारलं, आईचं नाव कुठं गेलं?

म्हटलं, ग्राइंडरने काढलं. पुन्हा टाकून देतो, याहून सुंदर.

म्हणाली, आईनं अंडी विकून घेतलती थे कळशी. दुकानात उभं राहून नाव टाकून घेतलं. तिचं नाव ना घरावर होतं, ना शेतावर. इथंच होतं.

मला लाज वाटली. तरी शिंगं बारा आहेत हे सांगितलं. ती आत गेली.

मी ओट्यावर बसून राहिलो. आत ती अपूर्वाला फोनवर सांगत होती, कळशी भेटली नाई वं, मीच कुठंतरी ठेवली अशीन.

माझं नाव तिने घेतलं नाही.