कॉलनीची कार्डपेटी

९ जानेवारी १९७९, कोराडी
आज वाचनालयात बोलूनच टाकलं. आमच्या वीज केंद्राच्या कॉलनीची एक पेटी करायची, घरटी एक कार्ड. कोणाचा रक्तगट काय, इंजेक्शन कोण देतं, शिलाई मशीन कोणाकडे, गणित कोण शिकवेल. गरज पडली की पेटी उघडा, कार्ड बघा, जाऊन दार वाजवा. फुकटचं काम, वाटलं दोघी तयार होतील. सहा जणी निघाल्या! प्रमुख मी. हे म्हणाले, "घरात कोणी ऐकत नाही तुझं, तिथं सहा जणी ऐकतील?" ऐकतील. बघाच.

११ जाने.
कार्डं रामटेके सिस्टर लिहिणार. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, रिटायर होऊन मुलाकडे राहतात. अक्षर छापल्यासारखं. बोलणं कमी. ती कसर देशकर वहिनी भरून काढतात.

१३ जाने.
शेजारच्या सुलूला घेऊन नागपूरला, बर्डीच्या बाजारात. जाड, रेघांची कार्डं मिळाली. बसमध्ये संत्रा बर्फी खाल्ली, एका कार्डावर तुपकट बोट. सुलू म्हणते माझं, मी म्हणते तिचं.

१८ जाने.
दे. वहिनींकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. वेगळी बैठक कशाला, तिथेच उरकू म्हटलं. वाणात चाळणी. तिळगूळ खाता खाता ठरलं: कार्डं क्वार्टर नंबरने लावायची. कल्पना माझी. नंबर सापडला की घर सापडलं! सगळ्या हो म्हणाल्या. सिस्टर नव्हत्या. सुलूने निरोप दिला तर म्हणे, "ठरलं तर ठरलं."

३० जाने.
घरोघर फिरणं संपलं. पाय गेले कामातून, पण काय मजा! बी-१४ चे काका म्हणतात, "लिहा, भांडणं सोडवतो." आतून काकू हसल्या, थांबेचनात. नाइट करून झोपलेल्या माणसाला दे. वहिनींनी उठवलं, रक्तगट विचारायला. सिस्टरची एकशे साठ कार्डं लिहून झाली. पेटीकडे बघत बसावंसं वाटतं.

७ फेब्रु.
हे ड्यूटीवरून आले, बूट काढता काढता म्हणाले, "नवीन अलॉटमेंट लागली." म्हणजे प्रमोशनवाले मोठ्या क्वार्टरमध्ये, त्यांच्या जागी दुसरे, त्यांच्या जागी तिसरे. चाळीस घरं हलणार. अगं बाई, माझी पेटी! बी-९ ची हार्मोनियम निघाली डी-ला, इंजेक्शन देणारा सी-मध्ये. दरवर्षी होतं हे. आम्हीच दोनदा क्वार्टर बदललंय. डोकं कुठे ठेवलं होतं मी?

८ फेब्रु.
सिस्टरकडे गेले, सरळ सांगितलं चूक माझी. त्या चहा गाळत होत्या.
"दवाखान्यात पेशंटची कॉट सारखी बदलते. कागद आम्ही नावानं लावत होतो."
"मग बोलल्या काहून नाही?"
"मले कोणी विचारलं? तुमची बैठक तर हळदीकुंकवात झाली."
रागावून नाही बोलल्या, म्हणून जास्त लागलं. हळदीकुंकवाला त्यांना कोणी बोलावत नाही. एक तर विधवा, त्यातून बौद्ध. हे काय मला ठाऊक नव्हतं? आणि मी म्हणे प्रमुख! लाज वाटली. माफी मागितली.
म्हणाल्या, "साऱ्या कार्डांवर नाव वरती लिहून देईन. पण पुढची बैठक माझ्या घरी. साऱ्या जणी."

१२ फेब्रु.
सगळीकडे निरोप दिले. सुलू लगेच, "येते." दे. वहिनी, "बघते वं." बाकी तिघी विचारतात, "दे. वहिनी काय म्हणाल्या?" चिडले मनातून. पण दुपारी मी आणि सुलू वाचनालयाच्या फरशीवर सगळी कार्डं पसरून नावानं लावत बसलो, तेव्हा राग कुठल्या कुठे गेला. एकूण सात पाटील निघाले. एवढे पाटील कॉलनीत राहतात!

१५ फेब्रु.
बैठक आज पाचला. सकाळी दे. वहिनींचा निरोप: घरी पाहुणे आलेत, जमत नाही. बाकी तिघींचा निरोपच नाही.
दुपारी कोरी कार्डं द्यायला सिस्टरकडे गेले. आलूबोंड्यांचं सारण करून ठेवलेलं. सात बशा पुसून मांडलेल्या. पलंगावर नवी चादर.
"येऊन राहिल्या ना साऱ्या?"
"येऊन राहिल्या," म्हणून बसले! तोंडातून निघून गेलं. त्यांनी कढई काढली.
साडेचार झालेत. आधी दे. वहिनींच्या दारात जाते. खरंच पाहुणे असले तर पाहुण्यांसकट नेते.