चाल नसलेली कविता

आबा, परवा वर्गात साहित्यप्रकार शिकवताना तुम्हीच आठवत राहिलात. म्हणून आज बसले लिहायला. मी धाराशिवला कॉलेजात शिकत होते तेव्हा आमच्या सरांनी फळ्यावर मधोमध रेघ ओढली होती. एका बाजूला ओवी, अभंग, पोवाडा, भारूड. दुसऱ्या बाजूला कथा, कादंबरी, एकांकिका, मुक्तछंद. मी दोन्हीकडं तुमचा जलसा शोधला. धम्म घेतल्यापासून डफ घेऊन तुम्ही गावोगाव करत होता तो जलसा, गाणं, सवाल-जवाब, थोडं नाटक आणि शेवटी पोरं शाळेत घाला म्हणून सांगणं. तो कुठंच नव्हता. घरी येऊन सांगितलं तर तुम्ही हसलात आणि म्हणालात, "बसू आमी रेघंवर."

ते बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस होते. तुम्ही आणि आई पाझर तलावाच्या कामावर माती वाहता. संध्याकाळी आई चुलीपुढं रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी थापते, त्या तव्यावर जाईपर्यंत तुटतात. तिथंच मी तुम्हाला माझी पहिली छापून आलेली कविता वाचून दाखवते. विहिरीत टँकर रिकामा होतो, आपल्या बाया घागरी घेऊन लांब उभ्या राहतात, कुणी वरून पाणी ओतेल म्हणून. एवढंच त्या कवितेत होतं. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत आणि विचारलंत, ह्याला चाल कुठंय? मी म्हटलं, आजकालच्या कवितेला चाल नसते. मग माणसं ध्यानात कशी ठेवतील, म्हणालात. मला राग आला. मी न जेवता उठले.

पुढं पाऊसपाणी बरं झालं आणि गावात दूध सोसायटी निघाली. चेअरमननं माणसाकरवी निरोप धाडला. उद्घाटनाला त्यांच्यावर पोवाडा करा, तुमच्या थोरल्या पोराला सोसायटीत चिकटवून घेऊ. आईला तर देवच पावल्यासारखं झालं. तुम्ही हो म्हणालात. त्या दिवशी शाळेपुढच्या मांडवात सगळं गाव बसलेलं. तुम्ही आधी वंदना म्हटलीत, मग दुष्काळ गायलात, डोक्यावर पाट्या वाहणारी माणसं गायलात. आता चेअरमनचं नाव येणार म्हणून लोक सावरून बसले, आणि तुम्ही डफ खाली ठेवलात.

"फुडचं माजी पोरगी म्हणंल. तिच्या कवितेला चाल न्हाय, जरा गप बसून ऐका."

मी उठून पुढं गेले. विहिरीची कविता तोंडपाठ होती, तीच म्हटली. संपल्यावर एक टाळी पडली नाही. चेअरमन खांद्यावरचं उपरणं नीट करत राहिले.

घरी येताना मी रडत होते. सगळं फुकट गेलं म्हणाले. तुम्ही डफ दुसऱ्या खांद्यावर घेतलात. मग म्हणालात, "टाळ्या मला लई पडल्यात. पर आज माणसं खाली बघत व्हती. माज्या डफानं ते कधी झालं न्हाय."

दादाला सोसायटीत घेतलं नाही. तो सोलापूरला गिरणीत गेला आणि तिकडचाच झाला. आईनं कितीतरी दिवस तुमच्याशी धड बोलणं टाकलं होतं. मी मात्र त्या दिवसाच्या जोरावर लिहीत गेले. माझ्या आबांनी मोठ्या माणसाची स्तुती गायली नाही, असं अभिमानानं सांगत आले.

तुम्ही गेल्यानंतर आईनं एकदा सहज सांगितलं. चेअरमनवरचा पोवाडा तुम्ही पुरा रचला होता, आदल्या दिवशी तिला म्हणूनही दाखवला होता. तिला आता एक ओळ आठवत नव्हती. "लई चांगला जमला व्हता," एवढंच म्हणाली. मग मांडवात ऐन वेळी तुमच्या मनात काय आलं, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहिते. तुम्ही तो गायला नाहीत याचा अभिमान आहेच. पण आबा, मला तो पोवाडा ऐकायचा होता.