आडवी काठी

जिल्हा सोलापूर, १४ मार्च १९३४

गं. भा. केराबाई यांस,

हे 'गंगाभागीरथी' तुमच्या नावाला माझ्यामुळं लागलं.

वैरागच्या रस्त्यावर मेंढरं पलीकडं जाईपर्यंत तुमच्या मालकांनी, ज्ञानबांनी, काठी आडवी धरली होती. मोटार माझे मेहुणे चालवत होते. शहरातला माणूस, त्यांनी विचारलं, "हा काय करतोय?" आडवी काठी म्हणजे थांबा, हे आपल्याकडं शेंबडं पोरही जाणतं. पण मला शाळेला उशीर होत होता. मी म्हणालो, "चला हो, होईल बाजूला."

सोलापूरच्या कोर्टात मी शपथेवर सांगितलं की काठी खांद्यावर होती. डोळ्यांपुढं बहिणीचा संसार होता. मेहुणे सुटले.

निकालाचा कागद घेऊन तुम्ही शाळेत आलात. "गुर्जी, चूक कुनाची म्हनत्यात?"

कागदावर 'मयताचा हलगर्जीपणा' असं होतं. मी म्हणालो, "कुणाचीच नाही."

"लई उपकार जालं," म्हणत तुम्ही माझ्या पाया पडलात.

हे पत्र टपालात टाकणार नाही. गावात वाचता येणारा मी एकटा. तुम्ही ते पदराआड धरून माझ्याकडंच याल, समोर बसाल, आणि मी पुन्हा भलतंच काहीतरी वाचून दाखवीन.

तुमचा अपराधी,
एकनाथ मास्तर